हाताने लिहिलेली वाट

मी टेबलाखाली होतो. कळव्याच्या पतपेढीत मॅनेजरच्या टेबलाखाली, गुडघ्यांवर, तोंडात स्क्रू धरून, भिंतीतून काढलेली कॉम्प्युटरची तार राउटरच्या पेटीपर्यंत ओढत होतो, तेवढ्यात वरून कोणीतरी म्हणालं, "असं करा, तुम्ही ठाण्याला जाऊन या." बस, एवढंच. कोणा बाईला सांगणं चाललं होतं. मला दिसत होत्या फक्त तिच्या भिजलेल्या स्लिपरा आणि समोर त्याचे काळे, नीट पुसलेले बूट. बाई म्हणाली, "ठाण्यावाले बोलतात कळव्याला जा." तो म्हणाला, "मग त्यांना सांगा, मी पाठवलंय." आवाज गोड होता. घाई नसलेला, समोरच्याचं भलंच चिंतणारा. स्लिपरा थोडा वेळ जागीच घुटमळल्या आणि मग दाराकडे गेल्या. मी स्क्रू दातांत इतका जोरात धरला होता की लोखंडाची चव घशापर्यंत उतरली. सकाळी दारावरची पाटी मी वाचली होती, एम. आर. नाखवा, शाखा व्यवस्थापक. आमच्यात नाखवे पैशाला पासरी, म्हणून मनात काही आलंच नाही. आणि आता तो आवाज. मधु नाखवा. कोळीवाड्यातला पहिला मॅट्रिक, मच्छीवाल्या बायकांच्या सोसायटीचा सेक्रेटरी, ज्याला सगळी आळी मधुभाऊ म्हणायची. हा माणूस मेलेला नाही, हे मला टेबलाखाली कळलं. मेला असेल असं मी धरून चाललो होतो असंही नाही. पण तो असा कुठेतरी खुर्चीत बसून, बूट पुसून, बायकांना ठाण्याला पाठवत जगत असेल, हे डोक्यात आलं नव्हतं.

बाहेर आलो तर तो हसला. केस पांढरे झालेले, चष्मा आलेला, बाकी तोच. "चहा सांगू? सकाळपासून बघतो, तुमचं डोकं वर नाही." मला अहो-जाहो करत होता. ओळखलं नसणार. ओळखणार कसा? त्या वेळी मी बारावीत होतो, काटकुळा, आईच्या मागे उभा राहणारा, टोपलीला हात लावायला लाजणारा. मी म्हणालो, "नको." त्याने तरी सांगितला. शिपाई धोंडिबा कप ठेवून गेला. मी तो प्यायलो नाही, पण पडद्यावरच्या अक्षरांकडे बघताना कपावर साय धरत गेलेली मला दिसत होती, आणि त्या सायीचाही मला राग आला.

आईचं नाव मनुबाई. तिची सासू, म्हणजे माझी आजी जनाबाई, कळव्याच्या जुन्या उघड्या बाजारात चिंचेखाली बसायची. ती गेल्यावर त्या जागेवर आई बसली. आमच्यात जागा बाईकडून बाईकडे जाते, पुरुषाचा त्यात संबंध नाही. बाप खाडीत डोल जाळं लावायचा, मिळेल ते आणायचा, कोळंबी, बोईट, चिंबोऱ्या. विकायचं आईने, आणि घर चालायचं ते त्या चिंचेखाली. मग सत्त्याऐंशी साली सोसायटीने पक्का बाजार बांधला. सिमेंटचे ओटे, वर पत्रा, मधून वाहतं पाणी. जी जिथे बसत होती तिला तिथला ओटा, असं ठरलं होतं. आईच्या वाट्याला दारातला येणार होता. ती तो ओला असल्यापासून बघत होती. एकदा मला घेऊन गेली आणि सिमेंटवर तळहात ठेवून म्हणाली, "गार हाय बघ. मासळी टिकंल." मला आठवतो तो हात, नखांच्या कडा खवल्यांनी पांढऱ्या झालेल्या. आणि मग मधुभाऊंनी तिला सांगितलं, मनू, ओट्याच्या कागदावर ठाण्याच्या कचेरीतून सही आण. ठाण्यात सांगितलं, आधी कळव्याची. कळव्यात मधुभाऊ म्हणाले, त्यांना सांग मी पाठवलंय. ती टोपली शेजारणीकडे ठेवून खाडीच्या पुलावरून चालत ठाण्याला जायची. परत यायची तोवर मासळी उतरलेली. पुन्हा जायची. मी एकदा म्हणालो, आई, तो मुद्दाम करतोय. ती म्हणाली, "मधु तसा नाय रं. कामं असतात त्याला." तिने त्याच्यावर विश्वास ठेवला, हे मला आजही गिळता येत नाही. बाजाराचं उद्घाटन झालं त्या दिवशी दारातल्या ओट्यावर मालू बसलेली होती. मालू, मधुभाऊंच्या बायकोची बहीण, जी त्याआधी बाजारात बसतच नव्हती. आई गेली, बघितलं, आणि बाहेर आली. भांडली नाही. आमच्या बायका भांडायला लागल्या तर कळव्याचं भांडण मुंब्र्याला ऐकू जाईल. पण ती एक शब्द बोलली नाही. बाजाराच्या फाटकाबाहेर गटाराच्या कडेला तिने गोणपाट टाकलं आणि बसली. आतल्या ओट्यांचं धुवण तिच्या पायाखालून वाहायचं. ती तिथेच बसत राहिली, मला नोकरी लागेपर्यंत. तिने शिव्या दिल्या असत्या तर माझ्या मनातलं बरंच वाहून गेलं असतं. तिने दिल्या नाहीत, म्हणून मी देत आलो. अभ्यास करताना, इंटरव्ह्यूला बसताना, लग्नाच्या मंडपात भटजी मंत्र म्हणत असतानासुद्धा. बायकोला, शालनला, यातलं काही माहीत नाही. तिला वाटतं, माझा चेहराच असा आहे.

दुपारभर मी काम केलं. काम नीटच केलं, कारण मला नीटच येतं. राउटर म्हणजे वाट सांगणारी पेटी. काउंटरवर पासबुक ठेवलं की इथून एक निरोप ठाण्याच्या मुख्य कचेरीत जातो, तिथला मोठा कॉम्प्युटर उत्तर पाठवतो आणि शिल्लक छापली जाते. निरोपाने कुठल्या तारेने जायचं ते पेटी ठरवते. तिला वाट दोन तऱ्हांनी कळते. एक, शेजारच्या पेट्यांकडून. ठाणं थोड्या थोड्या वेळाने सांगत राहतं, मी इकडे आहे. डोंबिवली सांगते, माझ्या पलीकडे कल्याण आहे. एखादी तार तुटली तर बातमी फिरते आणि पेट्या आपापसात ठरवून दुसरी वाट धरतात. दुसरी तऱ्हा म्हणजे माणसाने हाताने लिहायची, अमुक ठिकाणी जायचं तर अमुक तारेने. आणि हाताने लिहिलेलं असलं की पेटी शेजाऱ्यांचं ऐकत नाही. शेजाऱ्यांनी कितीही सांगो, वाट चुकतेय, तू उलटी चाललीस, ती ढिम्म. आमच्या कंपनीत नवीन पोरांना शिकवताना साहेब बजावतात, हाताने लिहाल ते जपून लिहा, पेटी त्यावर देवासारखा विश्वास ठेवते. मला हा भाग पहिल्यापासून आवडला होता. का आवडला होता ते त्या दुपारी कळलं. कळव्याच्या पेटीत एक ओळ लिहायची, की ठाण्याचं असेल ते डोंबिवलीला दे. डोंबिवलीची ठाण्याची वाट कळव्यावरूनच जाते, म्हणून तिथल्या पेटीला मी कामाचा भाग म्हणून आठवड्यापूर्वीच सांगून ठेवलेलं होतं, तुला ठाऊक नसेल ते सगळं कळव्याला दे. म्हणजे निरोप कळव्याहून डोंबिवलीला जाईल, डोंबिवली म्हणेल कळव्याला जा, कळवा म्हणेल डोंबिवलीला जा. असा तो हेलपाटे घालत राहील. प्रत्येक निरोपाने किती उंबरे ओलांडायचे ते आधीच ठरलेलं असतं. तेवढे संपले की तो वाटेत मरतो, आणि काउंटरवरच्या माणसाला फक्त थांबलेला पडदा दिसतो. हे मी शोधून काढलं नाही. ते समोर येऊन उभं राहिलं, आणि माझ्या पोटात इतकं गोड काहीतरी उतरलं की मी खिडकीकडे तोंड करून बसलो. खिडकीतून बाजार दिसत होता. मधु नाखव्याने आपली खुर्ची अशा जागी ठेवली होती की बाजार डोळ्यांसमोर राहावा. मी बाजाराकडे बघितलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी समारंभ होता. पतपेढीच्या चारही शाखा एका तारेत, ठाण्याचे अध्यक्ष येणार, पहिलं पासबुक त्यांच्या हातून छापलं जाणार. त्या संध्याकाळी मी डोंबिवलीला घरी गेलो. आई खिडकीत खुर्चीवर बसलेली होती. आम्ही तिसऱ्या मजल्यावर राहतो, आणि गुडघ्यांनी दगा दिल्यापासून ती जिना उतरत नाही. खालच्या विमलाबाईंना मासळीचा वास सहन होत नाही म्हणून आम्ही ती आठवड्यातून एकदाच करतो, तीही खिडक्या लावून. आई तेव्हा काही न बोलता ताटातला काटा चोखत बसते. तिने विचारलं, "कळव्याला गेलतास? बाजार बघितलास?" मी म्हणालो, "नाही." "कोण कोण बसतंय आता?" मी म्हणालो, "आई, मी कामाला गेलेलो. बाजारात नाही." ती खिडकीकडे वळली. जिभेच्या टोकावर आलं होतं, की उद्या बघ, उद्या मी त्याचं नाक कापतो, त्याच्या अध्यक्षांसमोर. तिने "नको" म्हटलं असतं तर? म्हटलंच असतं. मला तिची परवानगी नको होती. मला तिचा अपमान हवा होता, माझ्या हातात, पुरा, कोणी वाटेकरी नसलेला. शालनने विचारलं, "इतकं हसू का येतंय?" मी म्हणालो, "काम चांगलं झालं."

सकाळी पेटीला हार घातलेला होता. हळदकुंकू वाहिलेलं, वायरवरून अगरबत्तीची राख सांडलेली. पतपेढीचे सगळे लोक कडक इस्त्रीत. मधु नाखवा पांढऱ्या सफारीत इकडून तिकडे फिरत होता, पेढे मोजून घे, पंखा त्या बाजूला कर, फोटोवाला आला का. त्याला घाम येत होता आणि तो आनंदात होता. पुढच्या महिन्यात निवृत्त व्हायचा होता, हे मला धोंडिबाने सांगितलं. साहेबांनी हट्ट धरून हा कार्यक्रम कळव्याला आणला, म्हणाला, ठाण्याला होणार होता. मला ते ऐकून जास्त बरं वाटलं. मी कोपऱ्यात लॅपटॉप मांडीवर घेऊन बसलो होतो. अध्यक्ष आले, नारळ फुटला, टाळ्या झाल्या, आणि सगळ्यांच्या माना नारळाकडे असताना मी ती ओळ लिहिली. एकच ओळ. मग निरोपाचा माग काढून बघितला. पडद्यावर एकाखाली एक उमटत गेलं, कळवा, डोंबिवली, कळवा, डोंबिवली, कळवा, डोंबिवली. मी ते देवळात आरती ऐकावी तसा बघत राहिलो.

अध्यक्षांनी पासबुक यंत्रात सरकवलं. यंत्राने ते आत ओढलं आणि थांबलं. फोटोवाल्याने एक फोटो काढला. सगळे हसत उभे होते. मग हळूहळू हसणं चेहऱ्यांवर जड व्हायला लागलं. अध्यक्ष म्हणाले, "नाखवा, तुमच्या कॉम्प्युटरला उपास आहे का?" लोक हसले. काउंटरवरच्या मुलीने बटणं दाबली. काही नाही. "पैसे आहेत ना आमचे जागेवर?" अध्यक्षांनी विचारलं, आणि या वेळी लोक कमी हसले. फोन वाजला. डोंबिवलीचा होता, त्यांचंही अडकलं होतं, कल्याणचंही. तिथे काउंटरसमोर माणसं खोळंबली असणार हे मला माहीत होतं, आधीपासून माहीत होतं, आणि मला त्यांचं काही वाटलं नाही. मी मधु नाखव्याला बघत होतो. सफारी पाठीला चिकटली. त्याने रुमाल काढला, कपाळ टिपलं, तो कुठल्या खिशातून काढला ते विसरला आणि हातातच धरून राहिला. म्हातारा दिसायला लागला. अध्यक्ष घड्याळ बघून म्हणाले, "ठाण्याला ठेवलं असतं तर बरं झालं असतं," हळू नव्हे, सगळ्यांना ऐकू जाईल असं. माझ्या अंगभर ऊब पसरली. मी गुन्हेगार आहे वगैरे काही मनात आलं नाही. एकच वाटलं, आई इथे असायला हवी होती, दाराशी, खुर्चीवर.

धोंडिबा म्हणाला, "साहेब, बंद करून चालू करू?" त्याचा सगळ्यावर हाच इलाज. आणि गंमत अशी की तो लागू पडला असता. मी ती ओळ पेटीच्या कायमच्या स्मरणात ठेवली नव्हती, वीज गेली असती की ती पुसली गेली असती, आणि मी काही केलं होतं याचा मागमूस उरला नसता. मधु नाखवा स्वतः पेटीकडे आला. हार बाजूला केला, बटणावर बोट ठेवलं. मग माझ्याकडे बघितलं. मी हात मांडीवर ठेवून बसलो होतो. ते सगळं बंद पडलेलं असताना, ज्याचं ते काम तो माणूस हात मांडीवर ठेवून बसला होता. तो वाकला, बटण बघतोय असं दाखवत, आणि आमच्या आळीतल्या बोलीत, फक्त मला ऐकू येईल असं म्हणाला, "मी बंद करू, का तू काढतंस? मनूचा पोर ना रं तू?"

माझे कान गरम झाले. "कधी ओळखलंत?"

"मीच मागून घेतला तुला. आळीत कळलं, तू या कंपनीत हायेस. तुझ्या साहेबाला बोललो, कान्हालाच पाठव. डोळं आयसचं हायेत तुझं." बोट अजून बटणावर होतं. "घे मजा. पण अध्यक्ष निघाला तर माझी इतक्या वर्षांची... काढ रं आता."

त्याने बटण दाबलं असतं तर मी सुटलो असतो. त्याने दाबलं नाही. मला काढायला लावलं. मी त्याला तसाच वाकलेला ठेवला, जेवढा वेळ ठेवता आला तेवढा, आणि मग ओळ पुसली. पेट्यांनी एकमेकींशी बोलून घेतलं. यंत्र खरखरलं, पासबुक बाहेर आलं, टाळ्या पडल्या. अध्यक्षांनी मधु नाखव्याच्या पाठीवर थाप मारली. मधु नाखव्याने सगळ्यांसमोर माझं नाव घेतलं, "आमच्याच कोळीवाड्यातला पोरगा, कान्हा," आणि सत्काराची शाल माझ्या खांद्यावर घातली. मी ती शाल घालून उभा राहिलो. फोटोत मी हसलेला असेन.

लोक पांगल्यावर त्याने मला केबिनमध्ये नेलं. दार लावलं, चहा मागवला. खिडकी उघडी होती आणि बाजाराचा गलबला आत येत होता. तो खुर्चीत बसला, चष्मा काढून डोळे चोळले आणि म्हणाला, "झाली ना फिट्टंफाट?" मला राग येत होता, आदल्या दिवशी होता त्याहून जास्त. मी जे अकरा वर्षं जपलं ते याने घटकाभर घामाने फेडलं आणि वर चहा पितोय. माझं हत्यारसुद्धा, हे काम, यानेच मला मागवून माझ्या हातात दिलेलं. तो म्हणाला, "चुकलं माझं. बायको मागं लागली, बहिणीला दे म्हणून. तुझ्या आयसला तोंडावर नाय म्हणायची छाती नव्हती, म्हणून पाठवत राहिलो. वाटलं, कंटाळंल." त्याने कप उचलला. "मालू वारली शिमग्यात. तिला लेक नाय, सून नाय. ओटा पडलाय. बघ." त्याने खिडकीतून बोट केलं, आणि या वेळी मला बघावं लागलं. दारातला पहिलाच. दोन्हीकडे टोपल्या, बर्फ, कोयते, बायकांचे हिरवेपिवळे पदर, आणि मधे तो उघडा सिमेंटचा चौकोन. "सोसायटीत अजून माझा शब्द चालतो. तिघी मागतात, मी अडवून ठेवलाय. आयसला आण. मी स्वतः हाताला धरून बसवतो. सगळ्यांच्या देखत."

मी ओट्याकडे बघत होतो. आईला मांडी घालता येत नाही. तिला खुर्चीतून उठवायला शालन आणि मी, दोघं लागतो. हे त्याला सांगावं असं वाटलं, आणि तेवढ्यात दिसलं की सांगितलं तर काय होईल. तो "अरेरे" म्हणेल. डोळे पुसेल, खरंच पुसेल. माझ्या खांद्यावर हात ठेवेल, फळं घेऊन डोंबिवलीला येईल, आईच्या पाया पडेल. आई म्हणेल, "जाऊ दे रं मधु," आणि तो मोकळा होऊन पुढच्या महिन्यात निवृत्त होईल. आमच्या बाजारात एक रीत आहे. बाई बाळंतीण असो, आजारी असो, सुतकात असो, जागा तिच्या नावावर आहे तोवर दुसरी कोणी तिथे टोपली ठेवत नाही. शेजारीण सकाळी त्या जागेवर तांब्याभर पाणी ओतते आणि जागा तशीच राहते. येणारंजाणारं गिऱ्हाईक विचारतं, ही कुणाची? बायका सांगतात. एकदा सांगायला लागल्या की सगळंच सांगतात.

"तिच्या नावावर करा," मी म्हणालो.

त्याचा चेहरा उजळला. त्याने तिथल्या तिथे सोसायटीत फोन लावला, नाव सांगितलं, मनुबाई, हो, दारातला, आजच्या आज. फोन ठेवून म्हणाला, "झालं. कधी आणतंस तिला?"

"ती नाही येणार. तिला बसता येत नाही."

"मग सून?"

"ती शाळेत शिकवते."

"मग कोण बसणार?"

"कोणी नाही," मी म्हणालो. "रिकामा राहील. निवृत्त झालात तरी तुमचं घर बाजाराच्या तोंडाशीच आहे ना?"

त्याने कप खाली ठेवला. खिडकीतून ओट्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. सकाळी अध्यक्षांसमोर त्याचा चेहरा असा झाला नव्हता. "कान्हा," तो म्हणाला, "असा नको करू रं. माझ्या डोळ्यांसमोर हाय तो."

मी शाल काढली, घडी करून त्याच्या टेबलावर ठेवली आणि लॅपटॉप उचलला.

"पाणी मात्र रोज ओतायला सांगा," मी म्हणालो.